कार्ड घेण्याआधी कॅबिनेट उघडा
वाचकांचे प्रश्न : संगणक

प्रश्न : मी मिरजेत राहणारा निवृत्त शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी एका कार्यालयातून निघालेला डेल ऑप्टिप्लेक्स ९०२० हा मिनी टॉवर संगणक मी साडेअकरा हजारांना घेतला. त्यात इंटेल आय५-४५९० प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि ५०० जीबीची हार्ड डिस्क आहे. आमच्या मंडळातील व्याख्यानांचे मोबाइलवर केलेले चित्रीकरण मी त्यावर संपादित करतो, पण चित्र सारखे अडखळते. सुट्टीत आलेल्या नातवाला जीटीए ५ हा खेळ खेळायचा असतो, तोही कंटाळून उठतो. एका दुकानदाराने ४ जीबीचे जीटी ७३० हे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारे कार्ड) सुचवले. दुसऱ्याने ‘वापरलेले जीटीएक्स १६६० सुपर घ्या आणि एसएमपीएसही बदलून टाका’ असा सल्ला दिला. कोणाचे ऐकावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : दोघांचेही ऐकू नये. पहिला दुकानदार आपल्याला ‘४ जीबी’ हा आकडा विकत आहे, आणि दुसरा आपल्या संगणकाला पोसवणार नाही असे कार्ड. दोघांनीही आपले कॅबिनेट उघडून पाहिलेले नाही, आणि जुन्या संगणकात कोणते कार्ड चालेल हे बहुतांशी त्या कॅबिनेटच्या आतच ठरलेले असते.

तेव्हा पहिले काम बिनपैशाचे आहे. संगणक बंद करून मागची वायर काढावी, तो आडवा ठेवावा आणि बाजूचे झाकण उघडून एसएमपीएसवर, म्हणजे संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चिकटवलेले लेबल वाचावे. आपल्या मिनी टॉवरमध्ये कंपनीने बसवलेला पुरवठा २९० वॉटचा असतो. त्यानंतर त्यातून निघणाऱ्या वायरी एकेक करून पाहाव्यात. हार्ड डिस्क आणि डीव्हीडी ड्राइव्हकडे जाणाऱ्या चपट्या जोडण्या दिसतील, पण ग्राफिक्स कार्डाला लागणारी सहा किंवा आठ पिनांची जोडणी सापडणार नाही, कारण ती या पुरवठ्यात दिलेलीच नाही. आणखी एक गोष्ट लक्षात येईल. बाजारातल्या एसएमपीएसची मदरबोर्डला जाणारी मुख्य जोडणी २४ पिनांची असते, तर या संगणकात ती फक्त ८ पिनांची आणि डेलच्या स्वतःच्या रचनेची आहे. त्यामुळे ‘एसएमपीएस बदलून टाका’ हे वाक्य बोलायला जितके सोपे आहे तितके ते काम सोपे नाही. मधे २४ पिनांचे ८ पिनांत रूपांतर करणारी वायर लागते, आणि ती या मॉडेलसाठीच बनवलेली आहे याची खात्री करून घ्यावी लागते. साध्या एसएमपीएसमधून प्रोसेसरसाठी किंवा ग्राफिक्स कार्डासाठी निघणारी आठ पिनांची जोडणी दिसायला जवळपास तशीच असल्यामुळे ती या जागी दडपून बसवण्याचा मोह कोणी केला, तर मदरबोर्ड जळण्याची शक्यता असते. (याच कंपनीच्या आधीच्या ७०१० या मॉडेलमध्ये मात्र नेहमीची २४ पिनांची जोडणी आहे. एकाच घराण्यातल्या दोन संगणकांना एकच नियम लावता येत नाही, तो असा.)

आता हिशेब पाहू. मदरबोर्डवरचा लांब पीसीआय एक्सप्रेस स्लॉट कार्डाला प्रमाणानुसार जास्तीत जास्त ७५ वॉट देतो. त्यापेक्षा अधिक भूक असलेल्या कार्डाला वेगळी वायर जोडावी लागते, आणि ती आपल्याकडे नाही. जीटीएक्स १६६० सुपरची गरज १२५ वॉटची आहे आणि त्यासाठी आठ पिनांची जोडणी लागते, म्हणून ते इथेच बाद होते. हार्ड डिस्कच्या जोडणीतून कार्डाला वीज पुरवणारे छोटे रूपांतरक मिळतात आणि काही दुकानदार ते हसतमुखाने बरोबर देतातही. परंतु हार्ड डिस्कच्या या साटा जोडणीतून १२ व्होल्टवर साधारण ५४ वॉटच घेता येतात, आणि सहा पिनांची जोडणी ७५ वॉटपर्यंत मागू शकते. प्लास्टिक वितळलेली अशी जोडणी मी एकदा दुरुस्तीच्या टेबलावर पाहिली आहे. तिचा वास चार दिवस त्या खोलीतून गेला नव्हता.

म्हणजे आपल्यासाठी मर्यादा स्पष्ट आहे. कार्ड ७५ वॉट किंवा त्याहून कमी असावे आणि त्याला वेगळी वीजजोडणी नसावी. आपल्या प्रोसेसरची कमाल गरज ८४ वॉट धरली, कार्डाचे ७५ धरले आणि मदरबोर्ड, रॅम, डिस्क व पंखे यांचे मिळून ५० धरले, तरी बेरीज २१० च्या आसपास जाते आणि २९० वॉटच्या पुरवठ्यात ती बसते. जीटीएक्स १०५० टाय किंवा १६५० या कार्डांसाठी कंपनी ३०० वॉटचा एसएमपीएस सुचवते, हे वाचून घाबरण्याचे कारण नाही. समोरच्याकडे कोणता प्रोसेसर आणि कोणत्या दर्जाचा पुरवठा आहे हे कार्ड बनवणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून तो हात राखून सांगतो. मात्र आपला एसएमपीएस दहा वर्षांहून जुना असणार, तेव्हा त्यातली धूळ आधी काढून घ्यावी आणि पंखा नीट फिरतो आहे ना, ते पाहावे.

जीटी ७३० विषयी. या नावाखाली वेगवेगळ्या जातीची कार्डे विकली गेली आणि ४ जीबीचे म्हणून जे समोर ठेवले जाते ते बहुधा डीडीआर३ मेमरीचे असते. ६४ बिटांच्या अशा कार्डाची मेमरी सेकंदाला सुमारे १४ जीबी माहिती हलवू शकते. आपल्या प्रोसेसरमध्येच असलेले एचडी ४६०० हे ग्राफिक्स संगणकाची रॅम वापरते, आणि त्या रॅमच्या दोन पट्ट्या जोडीने लावलेल्या असतील तर तीच मेमरी सेकंदाला २५ जीबीपर्यंत जाते. गोदाम मोठे आणि दार खिडकीएवढे, अशी त्या चार जीबींची अवस्था आहे. शिवाय हे कार्ड ज्या केपलर पिढीचे आहे तिच्यासाठी नवीन खेळांचे ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, चिप बनवणाऱ्या एनव्हिडियाने २०२१ मध्येच थांबवले. पैसे देऊन आहे तिथेच राहायचे असेल तरच ते घ्यावे.

७५ वॉटच्या मर्यादेत बसणारी आता तीन नावे उरतात. जीटीएक्स १०५० टाय हे २०१६ चे कार्ड ७५ वॉटमध्ये बसते आणि वापरलेल्या मालात सहज मिळते. परंतु त्याच्या पास्कल पिढीसाठी नियमित ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ मध्ये थांबले असून पुढे ऑक्टोबर २०२८ पर्यंत केवळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणार आहेत. २०१९ चे जीटीएक्स १६५० त्यापुढच्या पिढीचे आणि अधिक वेगवान आहे, पण तेच नाव असलेल्या कित्येक कार्डांवर कंपन्यांनी सहा पिनांची जोडणी बसवलेली आहे, म्हणून नाव न पाहता कार्डाची वरची कड पाहावी. तिसरे, आणि माझ्या मते नवीन घ्यायचे असेल तर एकमेव विचार करण्यासारखे, म्हणजे फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेले आरटीएक्स ३०५० ६ जीबी. ते ७० वॉटमध्ये चालते आणि त्याला वेगळ्या वायरीची गरज नसते. इथे मात्र जीबीचा आकडा खरोखर महत्त्वाचा आहे, कारण याच नावाचे ८ जीबीचे जुने कार्ड १३० वॉटचे असून त्याला आठ पिनांची जोडणी लागते. दुकानदाराने ‘साहेब, दोन जीबी जास्तच देतो’ म्हटले तरी ते घेऊ नये.

आरटीएक्स ३०५० ६ जीबी हे पीसीआय एक्सप्रेस ४ च्या काळातले आणि आपला स्लॉट ३ चा, म्हणून ते चालणार नाही अशी शंका अनेक जण कळवतात. या दोन पिढ्या एकमेकींशी जुळवून घेतात आणि कार्ड कमी वेगाने, पण व्यवस्थित चालते. त्याच्या आठ मार्गिकांना (माहितीची ने-आण करणाऱ्या वाटांना) तिसऱ्या पिढीत सेकंदाला जवळपास ८ जीबी मिळतात आणि या वर्गाच्या कार्डाला ते पुरेसे आहेत. आपल्या मदरबोर्डवर एकसारखे दिसणारे दोन लांब स्लॉट आहेत, त्यांतला एक आतून चारच मार्गिकांचा आहे. कार्ड प्रोसेसरच्या बाजूच्या स्लॉटमध्येच बसवावे.

खरेदीपूर्वी मोजपट्टी घेऊन मागच्या पत्र्यापासून हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे आणि मदरबोर्डवर उभ्या असलेल्या साटा वायरी कार्डाच्या आड येतील का तेही पाहावे. एका पंख्याचे आखूड कार्ड घेतल्यास बहुधा अडचण येत नाही. कार्ड दोन स्लॉटांची जागा अडवते, म्हणजे शेजारचा स्लॉट गेला असे समजावे. बायोसची, म्हणजे संगणक सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची, शेवटची आवृत्ती डेलच्या संकेतस्थळावरून आधीच घालून घ्यावी, आणि संगणक जुन्या लेगसी पद्धतीने सुरू होत असेल तर यूईएफआय पद्धतीकडे वळवावा, कारण नवीन कार्डे जुन्या पद्धतीत कधीकधी पडदा काळाच ठेवतात. मात्र विंडोज लेगसी पद्धतीने टाकलेले असेल तर नुसती ही सेटिंग बदलून ते सुरू होत नाही. डिस्कची रचनाही बदलावी लागते, म्हणून हे काम जाणकाराच्या हाताखाली करावे. मॉनिटरला फक्त निळ्या रंगाची व्हीजीए जोडणी असेल तर या कार्डावर ती मिळणार नाही. एचडीएमआयचे व्हीजीए करणारा रूपांतरक वेगळा घ्यावा लागेल. आणि कार्ड बसवल्यावर मॉनिटरची वायर मदरबोर्डमधून काढून कार्डात लावायची असते, हे सांगण्याची गरज नसावी असे वाटते, पण ‘कार्ड खराब निघाले’ म्हणून येणाऱ्या पत्रांपैकी काहींचे कारण एवढेच निघते.

आता आपल्या खऱ्या दुखण्याकडे वळतो, कारण नातवाचा खेळ आणि आपले संपादन यांचे आजार एक नाहीत. जीटीए ५ च्या २०१५ च्या मूळ आवृत्तीसाठी कंपनीने सुचवलेला प्रोसेसर आय५-३४७० आहे, म्हणजे आपल्यापेक्षा एक पिढी जुना. रॅम ८ जीबी आणि कार्ड २ जीबीचे जीटीएक्स ६६०. वरच्या तिन्ही कार्डांपैकी कोणतेही तेवढे काम करते. (२०२५ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीच्या अपेक्षा याहून वाढलेल्या आहेत.) खेळासाठी कार्ड हवे, यात वाद नाही.

संपादन अडखळते त्याचे कारण मात्र मोबाइलमध्ये असण्याचा संभव अधिक आहे. अलीकडचे फोन जागा वाचवण्यासाठी चित्रीकरण एच.२६५, म्हणजे एचईव्हीसी या पद्धतीने साठवतात. ती फाइल उलगडण्याची पूर्ण सोय आपल्या प्रोसेसरच्या ग्राफिक्समध्ये नाही, त्यामुळे सगळा भार प्रोसेसरवर येतो. याची परीक्षा सोपी आहे. व्हिडिओ चालू असताना टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ या पानावर पाहावे. प्रोसेसरचा आलेख शंभराला टेकला असेल तर निदान पक्के. डिस्कचा आलेख शंभरावर असेल तर दोष जुन्या हार्ड डिस्कचा. पहिल्या स्थितीत फोनच्या कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्रीकरण एच.२६४ पद्धतीने ठेवावे. आयफोनवर या पर्यायाला ‘मोस्ट कम्पॅटिबल’ असे नाव आहे आणि अँड्रॉइडवर व्हिडिओच्या पर्यायांत एचईव्हीसी बंद करता येते. पुढचे एक व्याख्यान असे टिपून पाहावे. दुसऱ्या स्थितीत साटा एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी वेगवान डिस्क) बसवावी. रॅम १६ जीबी करणे दोन्ही स्थितींत उपयोगाचे आहे, आणि वापरलेल्या डीडीआर३ पट्ट्या जुन्या मालाच्या दुकानांत अजून मिळतात.

हे करूनही कार्ड हवेच असेल, तर वापरलेले, वायरीशिवायचे जीटीएक्स १६५० घ्यावे, असे मी सुचवेन. आरटीएक्स ३०५० ६ जीबी त्याहून सरस आहे, यात शंका नाही. पण ते नवीन घेतल्यास त्याची किंमत आपल्या संपूर्ण संगणकाहून अधिक होते. आणि त्या संगणकाचा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही, तर विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. येत्या एक-दोन वर्षांत संगणक बदलायचा विचार असेल आणि हेच कार्ड नव्या कॅबिनेटमध्ये न्यायचे असेल, तर गणित वेगळे होते. मग ३०५० वर खर्च केलेला पैसा वाया जात नाही.

प्रश्न : माझ्याकडे एचपी एलिटडेस्क ८०० जी२ हा छोटा (एसएफएफ) संगणक असून प्रोसेसर आय५-६५०० आहे. ऑटोकॅडमध्ये दोन मितींची रेखाटने करतो. एका मॉनिटरवर रेखाटन आणि दुसऱ्यावर मोजमापांचा तक्ता ठेवायचा आहे. यासाठी जीटी १०३० घेऊ का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : खुर्चीवरून उठून संगणकाच्या मागे पाहावे. तिथे व्हीजीएच्या जवळ दोन डिस्प्लेपोर्ट आहेत आणि आपल्या प्रोसेसरमधले एचडी ५३० ग्राफिक्स एका वेळी तीन पडदे चालवू शकते. डिस्प्लेपोर्टचे एचडीएमआय करणारी एक वायर घेतली की दुसरा मॉनिटर सुरू होईल. दोन मितींच्या रेखाटनाला वेगळ्या कार्डाची गरज सहसा भासत नाही.

पुढे त्रिमितीय कामासाठी कार्ड घेण्याची वेळ आलीच, तर एसएफएफ कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचे, म्हणजे ‘लो प्रोफाइल’ कार्डच बसते, आणि खोक्यात मागची छोटी पट्टी आहे ना, हे दुकानातच पाहून घ्यावे. ती नंतर मिळवणे फार जिकिरीचे होते. अशा काही छोट्या कार्यालयीन संगणकांत स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेची मर्यादा ७५ वॉटपेक्षा कमी ठरवलेली असते, ती माहितीपुस्तकात तपासावी. जीटी १०३० केवळ ३० वॉटचे असल्याने सुरक्षित आहे, पण २०१७ मध्ये ते जीडीडीआर५ मेमरीसह आले आणि पुढच्या वर्षी त्याच नावाने डीडीआर४ मेमरीसह विकले जाऊ लागले. पहिल्याची मेमरी सेकंदाला ४८ जीबी हलवते, दुसऱ्याची १७ जीबीच्याही आत. खोक्यावर दोन्हींच्या नावात फरक नाही, म्हणून मेमरीचा प्रकार वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. एएमडीचे आरएक्स ६४०० हे ५३ वॉटचे कार्डही या आकारात मिळते आणि त्याची ताकद बरीच अधिक आहे. मात्र ते चारच मार्गिका वापरते, त्यामुळे तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये त्याचा वेग काही कामांत घटतो, आणि व्हिडिओ आक्रसून साठवण्याची (एन्कोड करण्याची) यंत्रणा त्यात मुळातच नाही.

प्रश्न : इंटरनेटवरच्या जाहिरातीवरून मी वापरलेले जीटीएक्स १०५० टाय ४ जीबी घेतले. विंडोजमध्ये नाव बरोबर दिसते, पण खेळ सुरू केला की संगणक बंद पडतो. मित्राने जीपीयू-झेड हा प्रोग्राम चालवला तर कार्डाच्या नावाआधी ‘फेक’ असा शब्द येतो. हा प्रोग्रामचा दोष असेल का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : प्रोग्रामचा दोष असण्याची शक्यता फार कमी आहे. जुन्या कार्डातील बायोस बदलून त्याला नव्या कार्डाचे नाव देण्याचा हा धंदा गेली अनेक वर्षे चालू आहे, आणि तो वाढल्यामुळेच २०१८ पासून जीपीयू-झेडमध्ये ही इशारा देणारी सोय आली. विंडोज कार्डाने सांगितलेले नाव दाखवते. जीपीयू-झेड प्रत्यक्ष चिप वाचते. त्याच खिडकीत आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. खऱ्या १०५० टायमध्ये जीपी१०७ ही चिप आणि ७६८ शेडर (चित्राचा हिशेब करणारे छोटे घटक) असतात. आपल्याकडे ‘जीएफ’ने सुरू होणारी चिप आणि १९२ शेडर दिसत असतील, तर ते २०११ च्या सुमाराचे जीटीएक्स ५५० टाय असण्याचा संभव आहे. कार्डावर व्हीजीएची निळी जोडणी असेल तर शंका आणखी बळावते, कारण पास्कल पिढीच्या चिपमधून तसा संकेत निघतच नाही.

असे कार्ड दुरुस्त करून खरे होत नाही. जीपीयू-झेडच्या खिडकीचे चित्र, जाहिरातीची प्रत आणि पैसे दिल्याचा पुरावा जपून ठेवावा, विक्रेत्याला लेखी कळवून पैसे परत मागावेत, आणि त्याने दाद न दिल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी. पुढच्या वेळी विक्रेत्याच्या संगणकावर कार्ड बसवून, जीपीयू-झेड उघडून आणि दहा-पंधरा मिनिटे एखादा खेळ चालवून मगच व्यवहार करावा. याला नकार देणाऱ्याकडून कार्ड घेऊ नये.

प्रश्न : चौथ्या पिढीच्या आय७ संगणकात इंटेलचे आर्क ए३८० बसवावे का? ६ जीबी मेमरी असूनही ते स्वस्त दिसते.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : बसवू नये. आर्क कार्डांचा वेग ‘रिसाइझेबल बार’ या, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणाऱ्या, सोयीवर अवलंबून असतो आणि चौथ्या पिढीच्या मदरबोर्डांवर कंपन्यांनी ती दिलेली नाही. त्या सोयीशिवाय कार्ड सुरू होईल, पण खेळ धक्के खात चालतील. इंटेल स्वतः या कार्डांसाठी दहाव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा प्रोसेसर सुचवते. तेवढ्याच विजेत जीटीएक्स १६५० आपल्या संगणकाशी अधिक गुण्यागोविंदाने राहील.